बंद मशीनमधलं जागं घड्याळ

बंद कॉम्प्युटर ही वस्तू १९९५ नंतर जगातून जवळजवळ नाहीशी झाली. पटत नसेल तर ऑफिसातल्या एखाद्या टेबलाखाली वाकून बघा. शट डाउन केलेला, पडदा काळा पडलेला डेस्कटॉप असतो. त्याच्या पाठीमागे नेटवर्कची वायर खोचलेली असते आणि तिथे बहुतेकदा एक बारीक हिरवा नाहीतर पिवळा दिवा लुकलुकत असतो. मशीन बंद असेल तर हा दिवा कुणाच्या जिवावर पेटतो?

उत्तर पॉवर सप्लायमधून निघणाऱ्या वायरींच्या जुडग्यात आहे. पिवळ्या, लाल, केशरी, काळ्या वायरींत एकच जांभळी असते. भिंतीवरचा स्विच चालू आहे तोवर हिच्यात ५ व्होल्टचा वीजपुरवठा कायम असतो, मशीन शट डाउन असलं तरी. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स नावाची रचना आणली, तिच्यासोबत ही व्यवस्था आली. त्याआधी डेस्कटॉपचं बटण म्हणजे खरोखरीचं बटण होतं, २३० व्होल्ट तोडणारं आणि जोडणारं. एटीएक्सनंतर पुढच्या बाजूचं बटण ही निव्वळ दारावरची बेल झाली. ती वाजली की मदरबोर्डवरची सर्किटं हिरव्या वायरीला काळ्याशी जोडतात आणि मग पॉवर सप्लाय पूर्ण ताकदीने सुरू होतो. बेल बोटानेच वाजवली पाहिजे असं मात्र नाही. नेटवर्कवरून आलेला संदेश ती वाजवू शकतो. मदरबोर्डवर बसलेलं एक घड्याळही वाजवू शकतं.

हा लेख त्या घड्याळाबद्दल आहे. ठरलेल्या वेळी आपोआप सुरू होणारा कॉम्प्युटर ही ऐकायला किरकोळ सोय वाटते. पण साठ मशीन ज्याच्या ताब्यात आहेत आणि सकाळी सात वाजता ज्याच्या दारात पहिली बॅच उभी राहते, त्या माणसाला विचारा.

✻

असा माणूस मला अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात भेटला. हुद्दा लॅब असिस्टंट. विद्यार्थी ‘सर’ म्हणतात, प्राध्यापक नावाने हाक मारतात आणि प्राचार्यांना त्यांची आठवण काहीतरी बंद पडलं की होते. लॅब दुसऱ्या मजल्यावर आहे. मशीन बहुतेक डेलची, ऑप्टिप्लेक्स जातीची, आणि मागच्या भिंतीला लागून एक रांग असेम्बल केलेल्यांची. सकाळचं प्रॅक्टिकल सातला.

“बटणं दाबायला दहा मिनिटं लागतात, त्याचं काही नाही,” ते म्हणाले. “बटणं दाबल्यावर काय होतं ते बघा.” बुधवारी सकाळी काय होतं, ते विंडोज वापरणाऱ्या कुणालाही माहीत आहे. मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा-दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी बाहेर पडतात, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सकाळी दहाला. आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र असते. उन्हाळ्यात साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे आपल्या लॅबमधली मशीन बुधवारी सकाळी उघडतात ती थेट अपडेटच्या तोंडी. पडद्यावर गोल फिरणारे ठिपके, खाली टक्केवारी, आणि समोर वही उघडून बसलेली अठरा-एकोणीस वर्षांची साठ मुलं.

एक उपाय म्हणजे मशीन रात्रभर चालू ठेवायची. नुसतं बसून राहिलेलं मशीन ३५ वॅट खातं असं धरलं, तर संध्याकाळी सहा ते सकाळी सहा या बारा तासांत साठ मशीनचे २५ युनिट होतात, रोज. तीच मशीन शट डाउन करून ठेवली तर जांभळ्या वायरीपुरती अर्धा ते एक वॅट वीज लागते. साठांची मिळून रात्रीची पाऊण युनिटाच्या आत. कॉलेजच्या कारकुनाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

तेव्हा दुसरा उपाय: रात्री शट डाउन करायचं आणि पहाटे सहाला मशीननेच उठायचं. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये ‘या कामासाठी मशीन जागं करा’ अशी चौकट आहे. पुष्कळजण तिथेच टिकमार्क करतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कपाळाला हात लावतात. ती चौकट झोपलेल्या मशीनसाठी आहे, शट डाउन केलेल्यासाठी नाही. शट डाउन झाल्यावर विंडोज उरतच नाही, मग शेड्युलर कुठून उरणार? तेव्हा जे जागं असतं ते विंडोजच्या खालच्या मजल्यावरचं, फर्मवेअर आणि त्याचं घड्याळ. सांगायचं ते त्याला सांगायला हवं.

फर्मवेअरला सांगण्याची जुनी रीत सगळ्यांनी पाहिलेली आहे. मशीन सुरू होताना एफ-टू किंवा डिलीट बडवत राहायचं, मग बायोसचा पडदा उघडतो. त्यात पॉवर मॅनेजमेंट, त्यात ‘ऑटो ऑन टाइम’, तिथे तास आणि मिनिटं भरायची, सेव्ह करून बाहेर. एका मशीनला दोन-तीन मिनिटं. साठांना एक आख्खी दुपार, आणि वेळ सातवरून साडेसहा करायची ठरली की पुन्हा दुसरी दुपार. शिवाय प्रत्येक कंपनीच्या पडद्यावर त्याच गोष्टीचं नाव वेगळं. डेल म्हणते ‘ऑटो ऑन’, एचपी म्हणते ‘बायोस पॉवर-ऑन’, लेनोवो म्हणते ‘वेक अप ऑन अलार्म’, गिगाबाइटच्या बोर्डवर ‘रिझ्यूम बाय अलार्म’ आणि आसुसच्या बोर्डवर ‘पॉवर ऑन बाय आरटीसी’. अर्थ सगळ्यांचा एकच, पण नवख्याने बोट कुठे ठेवायचं?

सरांनी ती दुपार एकदाच घालवली. मग त्यांना डेलचं ‘कमांड कॉन्फिगर’ सापडलं. त्यातल्या सीसीटीके या हुकमाने बायोसची कलमं विंडोजमध्ये बसल्या बसल्या, काळ्या खिडकीत टाइप करून बदलता येतात. हुकूम रोमनमध्येच टाइप करायचा. इथे नुसता उच्चार लिहितो. सीसीटीके, मग दोन आडव्या रेघा आणि ऑटोऑन बरोबर वीकडेज, पुन्हा दोन रेघा आणि ऑटोऑनएचआर बरोबर ६, पुन्हा दोन रेघा आणि ऑटोऑनएमएन बरोबर शून्य. एंटर. वीकडेजच्या जागी एव्हरीडे चालतं, निवडक वार चालतात, आणि डिसेबल लिहिलं की सगळं रद्द. खिडकी ॲडमिनिस्ट्रेटरच्या हक्काने उघडलेली हवी, एवढीच अट. एचपीचं स्वतंत्र साधन आहे, लेनोवोच्या मशीनमध्ये पॉवरशेलमधून हेच होतं. लिनक्सवाल्यांसाठी अलीकडे फर्मवेअर अपडेट करणाऱ्या एफडब्ल्यूयूपीडीमधूनच बायोसची कलमं वाचायची आणि बदलायची सोय झाली आहे. ज्या कंपन्या कर्नलला ती दाखवतात, त्यांच्यापुरती.

एक हुकूम एका मशीनवर चालला की तोच सगळ्या डेल मशीनवर नेटवर्कमधून पाठवता येतो. इथे सरांनी एक शहाणपणा केला, तो मला फार आवडला. सगळ्यांना सहाचीच वेळ त्यांनी दिली नाही. मशीनच्या नावातला आकडा घेऊन त्यावरून मिनिटं काढायची: पहिली दहा सहाला, पुढची दहा सहा-पाचला, त्यापुढची सहा-दहाला. कारण साठ पॉवर सप्लाय एकाच सेकंदाला सुरू झाले की पहिल्या क्षणी करंटचा असा झटका बसतो की लॅबचा एमसीबी ट्रिप होऊ शकतो. मग सहाला उठलेली मशीन सहालाच पुन्हा झोपतात, आणि यावेळी खरोखरीची बंद.

एक खटकणारी गोष्टही सांगतो. बायोसला पासवर्ड लावलेला असला (आणि कॉलेजच्या लॅबमध्ये तो लावावाच) तर प्रत्येक हुकमात तो पासवर्डही लिहावा लागतो. साठ मशीनसाठी स्क्रिप्ट लिहिली की पासवर्ड त्या फाइलमध्ये उघडा बसतो, आणि ती फाइल शेअर केलेल्या फोल्डरमध्ये. संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला ती सापडायला एक तास पुरतो. स्क्रिप्ट चालवून झाली की उचलून घरी न्यावी, एवढं तरी करायलाच हवं. ज्या मशीनच्या डिस्कला बिटलॉकर हे विंडोजचं कुलूप लावलेलं आहे त्यांच्या बाबतीत आणखी जपावं. फर्मवेअरमधले काही बदल पाहून बिटलॉकर संशय घेतं आणि पुढच्या वेळी ४८ आकडी किल्ली मागत बसतं. पहाटे सहाला, रिकाम्या लॅबमध्ये. म्हणून बदलापूर्वी ते तात्पुरतं थांबवून ठेवतात.

✻

हे घड्याळ आलं कुठून, याची कथा मजेशीर आहे.

१९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीला वेळच कळत नसे. मशीन सुरू केलं की डॉस आधी तारीख विचारायचं, मग वेळ. एंटर मारून पुढे गेलात तर त्याच्या लेखी तो दिवस १ जानेवारी १९८० असायचा. १९८४ च्या ऑगस्टमध्ये पीसी एटी आला, त्यात मोटोरोलाची एमसी १४६८१८ ही चिप होती. तिला स्वतःची बॅटरी. चिपमध्ये ६४ बाइट जागा: दहा बाइट वेळ, तारीख आणि अलार्मसाठी, चार नियंत्रणासाठी, उरलेल्या पन्नास मोकळ्या. त्या पन्नासांत आयबीएमने मशीनची माहिती ठेवली. हार्ड डिस्क कोणती, मेमरी किती. बायोसच्या पडद्याला जुने मेकॅनिक अजून ‘सीमॉस सेटअप’ म्हणतात ते त्या चिपमुळे. आज सेटिंग फ्लॅश मेमरीत जाऊन बसली आहेत, घड्याळ मात्र त्याच आराखड्यावर चालतं. आजच्या मशीनचं घड्याळ वाचायलाही प्रोग्रामला त्याच दोन दारांतून जावं लागतं, जी १९८४ मध्ये ठरली.

गंमत अशी, की त्या चिपमध्ये अलार्म पहिल्या दिवसापासून होता. तास, मिनिट, सेकंद भरून ठेवा, वेळ जुळली की चिप प्रोसेसरला हाक मारते. पण एटीचं बटण वीज तोडणारं. मशीन बंद असताना हाक ऐकायला कुणी नाही, आणि मशीन चालू असताना उठवायचं कुणाला? अकरा वर्षं हा अलार्म असाच बसून होता. जांभळी वायर आली तेव्हा त्याला काम मिळालं. पुढच्याच वर्षी, १९९६ च्या डिसेंबरात, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने मिळून एसीपीआयचे नियम छापले. झोपेच्या पायऱ्या ठरल्या, कुणी कुणाला कसं उठवायचं ते ठरलं.

त्या नियमांतही एक फट राहिली. झोपलेल्या मशीनला घड्याळाने उठवणं नियमात बसतं. शट डाउन केलेल्याला उठवणं ही बोर्ड बनवणाऱ्याची मर्जी. लिनक्समधल्या आरटीसीवेक या हुकमाच्या माहितीपानावर हे प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे: पूर्ण बंद अवस्थेतून उठवणं एसीपीआयला अधिकृतपणे मान्य नाही, पण बहुधा चालतं. साठ मशीनचा कारभार ‘बहुधा’वर उभा आहे हे वाचून मला हसू आलं. सरांना आलं नाही.

जुन्या अलार्मच्या मर्यादा आजही अंगावर येतात. मूळ चिपच्या अलार्मला तारीख नव्हती. तास-मिनिट-सेकंद एवढंच, म्हणजे अलार्म रोजचा. पुढे एसीपीआयने दिवस आणि महिना ठेवायला जागा दिली, तीही असलीच पाहिजे अशी सक्ती नाही. लिनक्सचा ड्रायव्हर हे तपासतो: दिवसाची जागा नसेल तर अलार्म पुढच्या चोवीस तासांतलाच, महिन्याची नसेल तर महिन्याच्या आतला, दोन्ही असतील तर वर्षाच्या आतला. त्यापलीकडची वेळ दिली की तो सरळ नकार देतो. सोमवार ते शुक्रवार, दुसरा-चौथा शनिवार ही भानगड चिपला ठाऊक नाही. वार बघायचं काम फर्मवेअरचं.

✻

आता मागच्या रांगा. तिथे उबुंटू आहे, प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलसाठी. असेम्बल केलेल्या बोर्डांना डेलसारखं हुकमी साधन नाही, पण लिनक्समध्ये त्याची गरजही पडत नाही. घड्याळाचा अलार्म तिथे एका फाइलसारखा उघडा ठेवलेला आहे, नाव वेकअलार्म. आधी तिच्यात शून्य लिहायचं, म्हणजे जुना अलार्म पुसला जातो. मग उठायची वेळ लिहायची, १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. मग शट डाउन. ही आकडेमोड नको असेल तर आरटीसीवेक आहे. त्याला किती सेकंदांनी किंवा कोणत्या तारखेला ते सांगा, मोड म्हणून ऑफ म्हणा, तो अलार्म लावून मशीन बंद करतो. मोड म्हणून नो म्हटलं तर फक्त अलार्म लावतो. हा अलार्म एकवेळचा असतो, म्हणून रोज संध्याकाळी शट डाउनच्या आधी तो नव्याने लावणारी दोन ओळींची स्क्रिप्ट सरांनी क्रॉनमध्ये, म्हणजे लिनक्सच्या वेळापत्रकात, टाकून ठेवली आहे.

घोटाळा झाला तो डेलच्याच, पण उबुंटू टाकलेल्या एका रांगेत. बाकीच्या डेल मशीनना दिला तोच हुकूम त्यांनाही दिला, फक्त वेळ साडेसहाची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रांग मुडद्यासारखी पडून. सरांनी हातानेच सुरू केली. दुपारी बॅच सुटल्यावर मशीन बंद करून ते डबा खायला बसणार, तेवढ्यात बरोबर बाराच्या ठोक्याला पंख्यांचा आवाज आला आणि रिकाम्या लॅबमधली ती आख्खी रांग एकदम पेटली. मामा (इथे शिपायाला मामाच म्हणतात) दारातून दोन पावलं मागे सरले म्हणे.

भूतबित काही नव्हतं. विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, म्हणजे आपल्याकडे भारतीय प्रमाणवेळ. लिनक्स तिथे जागतिक प्रमाणवेळ ठेवतं आणि पडद्यावर दाखवताना साडेपाच तास मिळवतं. चिपला यातलं काही कळत नाही, ती आकडे मोजते. तिच्या साडेसहाला भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजलेले असतात. सकाळी साडेसहाला उठायचं तर बायोसला पहाटेचा एक सांगायला हवा.

आता खरी गंमत. समजा मशीन पहाटे साडेचारला उठवायची आहेत. साडेपाच तास वजा करा: आदल्या रात्रीचे अकरा. वीकडेज असं सांगितलेल्या मशीनच्या लेखी सोमवार रात्री अकरा म्हणजे आपला मंगळवार पहाटे साडेचार. शुक्रवार रात्री अकरा म्हणजे आपला शनिवार. म्हणजे सोमवारी सकाळी एकही मशीन उठणार नाही, आणि शनिवारी पहाटे, सुट्टी असली तरी, सगळी उठून बसतील. लंडनमध्ये हिवाळ्यात हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. आपल्याला साडेपाच तासांचं अंतर आडवं येतं. दोन्ही सिस्टिम एकाच मशीनवर असतील तर तिढा आणखी वाढतो, कारण शेवटी ज्याने घड्याळाला हात लावला त्याची वेळ खरी. दोघांपैकी एकाला झुकवणं भाग आहे. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगता येतं. सरांनी तेच केलं.

मॅकवाल्यांचं तुलनेने बरं चाललं होतं. सिस्टिम प्रेफरन्सेसमध्ये ‘शेड्यूल’ म्हणून बटण होतं, त्यात वार आणि वेळ टाकली की झालं. २०२२ मध्ये व्हेंचुरा आलं आणि सेटिंगची नवी मांडणी करताना ॲपलने ते बटणच काढून टाकलं. सोय गेली नाही, फक्त टर्मिनलमध्ये गेली. तिथे पीएमसेट हा हुकूम, त्यापुढे रिपीट, वेकऑरपॉवरऑन, मग वारांची अक्षरं आणि वेळ. गुरुवारला आर आणि रविवारला यू, कारण टी आणि एस आधीच मंगळवार-शनिवारने घेतलेले. छपाईच्या, डिझाइनच्या धंद्यातल्या ज्या माणसांनी टर्मिनल आयुष्यात उघडलं नव्हतं त्यांना ते या एका ओळीसाठी उघडावं लागलं. हा ॲपलचा निर्णय मला अजून समजलेला नाही.

रास्पबेरी पाय या एका बोर्डावरच्या छोट्या कॉम्प्युटरचं उलट आहे. पाय चारपर्यंत त्या बोर्डवर घड्याळच नव्हतं. २०२३ च्या पाय पाचमध्ये ते आलं, बॅटरीच्या खाचेसकट. त्यात आधी बूटलोडरच्या सेटिंगमध्ये दोन ओळी बदलाव्या लागतात, म्हणजे शट डाउन केल्यावर बोर्ड खरोखर जवळजवळ काहीच वीज घेत नाही. मग तीच वेकअलार्म फाइल. शेतात किंवा धरणाच्या काठी सौरपाट्यावर कॅमेरा लावून दर तासाला एक फोटो घ्यायचा असेल, तर हे फार कामाचं आहे.

✻

या सगळ्या योजनेचा पाया मात्र एकाच गृहीतावर आहे: भिंतीवरची वीज चालू आहे. जर्मनीत किंवा जपानात बसून बायोस लिहिणाऱ्याला हे गृहीत वाटतच नसेल. आपल्याकडे वाटतं.

पहिली गोष्ट, लाइट जाते. सहाच्या ठोक्याला लाइट नसेल तर जांभळ्या वायरीत काही नाही. अलार्म चिपच्या पोटात वाजून जातो, दार उघडायला कुणी नसतं. सहा वाजून पाच मिनिटांनी लाइट आली तरी मशीन उठत नाही. त्याच्या लेखी आजची वेळ टळली, आता उद्या. दुसरी गोष्ट, आपली चांगली सवय. निघताना मेन बंद करायचा, हे आपल्याकडे शिपायाला पहिल्या दिवशी शिकवतात. शॉर्टसर्किटच्या बातम्या वाचलेल्या कुठल्याही प्राचार्याला ते पटतं. लॅबच्या बोर्डवर खडूने मोठ्या अक्षरात ‘मामा, मेन बंद करू नये’ असं लिहिलेलं मी पाहिलं. खाली वेगळ्या हस्ताक्षरात ‘साहेबांनी सांगितलंय’ असं होतं. कोणत्या साहेबांनी काय सांगितलंय, यावर दोन्ही बाजूंचा दावा आहे.

यावर बायोसमध्ये एक भाऊबंद सेटिंग आहे. गेलेली वीज परत आली की काय करायचं: बंद राहायचं, आधी होतं तसं व्हायचं, की सुरू व्हायचं. ‘सुरू व्हायचं’ निवडलं की मामांनी सकाळी मेन लावला की लॅब उठते. अलार्मची गरजच नाही. ग्रामीण भागात बरीच सरकारी आणि बँकेची मशीन याच भरवशावर चालवलेली मी बघितली आहेत, आणि वीज जिथे तासाला दोनदा येते-जाते तिथे तीच मशीन तासाला दोनदा अर्धवट उठून मरतात. हार्ड डिस्कला हे मानवत नाही. शिवाय साठ मशीन एकदम उठली की पुन्हा एमसीबी.

तिसरा अडथळा युरोपातून आला. युरोपीय संघाच्या १२७५/२००८ या नियमाने बंद उपकरणाने किती वीज खायची ते ठरवलं: आधी एक वॅट, २०१३ पासून अर्धा. मदरबोर्ड कंपन्यांनी बायोसमध्ये त्यासाठी ‘ईआरपी’ नावाचं कलम घातलं. ते चालू असलं की काही बोर्ड जांभळ्या वायरीवरची बरीचशी सर्किटं तोडून टाकतात, आणि घड्याळाने उठवणंही त्यात जातं. अलार्म लावला, वेळ बरोबर, लाइट आहे, तरी मशीन उठत नाही, अशी तक्रार आली की जाणता मेकॅनिक आधी हे कलम बघतो.

आणि चौथा अडथळा पडद्यावर उभा असतो. घड्याळाने मशीन उठवलं, पंखे फिरले, आणि मग फर्मवेअरला आढळलं की कीबोर्ड सापडत नाही, किंवा सेल उतरल्यामुळे सेटिंग गेली आहेत. मग ते थांबतं आणि लिहितं: पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. सहा वाजता उठलेलं मशीन सातपर्यंत तसंच, कुणी एफ-वन दाबेल याची वाट बघत. अपडेट नाही, काही नाही. स्वयंचलित गोष्टीच्या शेवटच्या पायरीवर माणसाचं बोट मागायचं, हे फर्मवेअर लिहिणाऱ्यांना कधी खटकलं नाही बहुतेक.

✻

मोजमापाच्या दुसऱ्या टोकाला एक उदाहरण आहे, ते इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. युरोपीय अवकाश संस्थेचं रोझेटा हे यान धूमकेतूकडे जाताना सूर्यापासून इतकं लांब गेलं की टोकापासून टोकापर्यंत ३२ मीटर लांबीचे सौरपाटे असूनही सगळं चालू ठेवण्याइतकी वीज मिळेना. म्हणून ८ जून २०११ ला त्याला झोपवलं. हीटर आणि संगणकाच्या गरजेपुरता भाग वगळता सगळं बंद. बाहेरून उठवायची सोय नाही, कारण रेडिओही बंद. आत फक्त घड्याळ, त्यात वेळ भरलेली: २० जानेवारी २०१४, जागतिक वेळ सकाळी दहा. भारतात तेव्हा दुपारचे साडेतीन.

९५७ दिवसांनी तो अलार्म वाजला. पण पृथ्वीवर कुणाला ते कळलं नाही. यानाने आधी आपले ताऱ्यांकडे बघणारे कॅमेरे तापवले, त्यात तास गेले. मग स्वतःभोवतीचं फिरणं थांबवलं, अँटेना पृथ्वीकडे वळवला आणि खुणेची लहर सोडली. अंतर ८० कोटी किलोमीटर, लहरीला यायला पाऊण तास. जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या नियंत्रण कक्षात पडद्यावरची सपाट रेघ जागतिक वेळेप्रमाणे संध्याकाळी सहा वाजून अठरा मिनिटांनी वर उठली, म्हणजे आपल्याकडे रात्री पावणेबारा वाजून गेले होते.

सरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “त्यांच्या घड्याळाचा सेल कुठला?” प्रश्न मार्मिक आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळात सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारं क्वार्ट्झ असतं. पंधरा वेळा निम्मं केलं की नेमका एक सेकंद मिळतो. साधारण प्रतीच्या क्वार्ट्झमध्ये दहा लाखात वीसचा फरक धरला तर दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला मिनिटभर. नेटवर्कवर असलेलं मशीन हे रोज दुरुस्त करून घेतं. वर्षभर कपाटात पडलेलं घेत नाही.

सेल म्हणजे सीआर २०३२. रुपयाच्या नाण्याएवढा, २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाड, तीन व्होल्टचा. भिंतीवरची वीज चालू असते तोवर घड्याळ जांभळ्या वायरीवर जगतं आणि सेलला हात लावत नाही. मेन बंद झाला की भार सेलवर येतो. त्यामुळे या लॅबमधले सेल बहुतेक सुट्टीत मरतात, आणि मेल्याचं कळतं ते सुट्टी संपल्यावर.

फर्मवेअरला सोमवार माहीत आहे, दिवाळी माहीत नाही. त्यामुळे सुट्टीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सर सगळ्या डेल मशीनना ऑटोऑन डिसेबलचा हुकूम पाठवतात, मागच्या रांगेतली क्रॉनची ओळ बंद करतात आणि त्या एका दिवशी मामांना स्वतःच मेन बंद करायला सांगतात. कॉलेज उघडायच्या आदल्या दिवशी ते एकटे येतात. मेन लावायचा, प्रत्येक मशीन हाताने सुरू करायचं, ज्याची तारीख मागे गेली असेल त्याचं झाकण उघडायचं. या वर्षी त्यांनी सेलचं पाकीट आधीच मागवून ठेवलं आहे, बिल मात्र अजून मंजूर व्हायचं आहे.